दोन्ही पायांचा आकडा

काकांना किती वाजले असं विचारलं, तर ते नुसतं "सव्वानऊ" असं कधी सांगत नसत. "माझ्या घड्याळात सव्वानऊ," असं सांगत. वय विचारलं तर "दाखल्यावर चौसष्ट." सोसायटीच्या सत्यनारायणाला बोलावलं तर "येतो" म्हणत नसत, "यायचा विचार आहे" म्हणत, आणि मग न चुकता वेळेवर येत. नवीन पनवेलमध्ये आमच्या बिल्डिंगच्या तळमजल्यावर त्यांची व्यायामशाळा होती. त्या जागी आता केकचं दुकान आहे. तिथून जाताना काचेतले ते रंगीबेरंगी केक दिसतात आणि मला उगाचच चुकल्याचुकल्यासारखं होतं.

माझा खांदा आखडला होता म्हणून मी त्यांच्याकडे गेले. बेलापूरच्या ऑफिसात दिवसभर कॉम्प्युटरवर बसून हात वर जाईनासा झाला होता. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि हलका व्यायाम करा म्हणाले. मोठ्या रस्त्यावर एसी जिम होतं, पण तिथली गाणी आणि आरसे बघूनच मी परत फिरले. काकांच्या व्यायामशाळेत दोन गाळे एकत्र केलेले होते, वर पंखे, खाली जाड रबर, आणि कुठल्यातरी बंद पडलेल्या जिममधून घेतलेली सहा-सात मशीन. सकाळी उशिरा बायकांची वेळ असायची. मी शनिवार-रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी जायची.

पहिल्या दिवशी त्यांनी मला खांद्याच्या मशीनवर बसवलं, अगदी हलकं वजन लावलं आणि समोर स्टूल घेऊन बसले. मी किती उचललं ते विचारलं तर म्हणाले, "ते आत्ता नाही सांगणार." दुसऱ्या वेळीही तेच. तिसऱ्या वेळी मला स्वतःलाच जाणवलं की हात सहज जातोय, आणि मी खुशीत म्हणाले की ताकद वाढली. काकांनी मान हलवली.

"ती ताकद नाही. ती ओळख आहे. तुमची आणि मशीनची."

माणूस नवीन मशीनवर बसला की सुरुवातीला भराभर सुधारतो, कारण अंगाला ती हालचाल कळत जाते, कुठे जोर लावायचा ते समजतं. स्नायू होते तेवढेच असतात. म्हणून पहिल्या काही वेळांचा आकडा धरायचाच नाही, असा त्यांचा नियम. धरला तर माणूस फसतो आणि शिकवणाराही फसतो. हे ते सगळ्यांना समजावून सांगत. माझ्यापेक्षा वयाने इतके मोठे, पण बायकांना, अगदी कॉलेजातल्या मुलींनाही, ते 'तुम्ही'च म्हणत.

त्यांची सगळी नोकरी रसायनीकडच्या एका केमिकल कारखान्यात गेली होती. प्लांटवर दाब दाखवणारी, तापमान दाखवणारी जी गोल घड्याळं असतात, ती बरोबर दाखवतात की नाही हे तपासणं हे त्यांचं काम. पस्तीसेक वर्षं माणसाने हेच केलं की जगातला प्रत्येक काटा त्याला संशयित वाटू लागतो. दवाखान्यात ब्लडप्रेशर बघायला गेले की जिना चढून आल्या आल्या पट्टा बांधू देत नसत, आधी पाच मिनिटं शांत बसू द्या म्हणत, आणि मागचे पेशंट कुरकुरत. मासळी आणायला जाताना खिशात अर्ध्या किलोचं पितळी वजन असायचं. गव्हाणहून येणारी एक मावशी बाजारात टोपली घेऊन बसायची, तिच्या काट्यावर त्यांनी एकदा ते वजन ठेवून पाहिलं. काटा बरोबर निघाला. मावशीने ते वजन उचलून त्यांच्या हातात परत दिलं आणि शांतपणे विचारलं, "काका, तुमाला म्हावरं खायाचं हाय का काटा?" हा किस्सा काका स्वतःच सांगत आणि सांगताना डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत. त्यानंतर त्यांनी मासळी तिच्याचकडून घेतली.

व्यायामशाळेतल्या मशीनचं तर काही विचारूच नका. प्रत्येक मशीनच्या वजनाच्या लोखंडी पट्ट्यांवर कंपनीचे आकडे असतात, पाच, दहा, पंधरा, वीस. काकांनी ते सगळे खरवडून काढले होते. मुठीला हूकवाला ताणकाटा अडकवून, ओढून, सोडून, त्यांनी प्रत्येक पट्टीचं खरं वजन काढलं होतं आणि त्या जागी आपल्या हाताने लिहिलेले कागद चिकटवले होते. छातीच्या मशीनवर जिथे वीस होतं तिथे लिहिलं होतं, 'वर नेताना बावीस, खाली आणताना सतरा.' मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाटलं गंमत आहे. त्यांनी समजावलं की दोर चाकावरून जातो, चाक घासतं, वजन वर नेताना ते घासणं तुमच्या विरुद्ध असतं आणि खाली आणताना तुमच्या बाजूने. पावसाळ्यात इथल्या दमट हवेने लोखंडी दांड्यांना गंज धरायचा, मशीन जड व्हायचं, तेव्हा ते सगळे आकडे पुन्हा काढायचे. ऑगस्टमध्ये उचललेले वीस आणि जानेवारीत उचललेले वीस हे एकच वीस नाहीत, असं त्यांचं म्हणणं.

याचा परिणाम असा की तरुण मुलं टिकत नसत. पळस्प्याहून मोटारसायकलवर येणारा एक मुलगा होता, ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात कामाला. दुसऱ्या जिममध्ये तो पायांच्या मशीनवर शंभर ढकलायचा. काकांनी त्याला सांगितलं की ते मशीन तिरकं आहे, उतारावर गाडी ढकलावी तसं, त्यामुळे अंगावर येतं ते साधारण सत्तर. मुलाचा चेहरा पडला. त्याने मोबाईलवर शंभरचा व्हिडिओ टाकला होता, दीड-दोनशे जणांनी शाबासकी दिली होती. महिनाअखेर तो गेला. काकूंनी काकांना विचारलं होतं की त्याला सांगायची काय गरज होती, तो काही शंभर किलोची गोणी उचलायला चालला नव्हता. काका म्हणाले, चुकीचा आकडा ज्याच्याकडे असतो त्याला तो कधीतरी नडतोच.

हे वाक्य मला आता फार वेळा आठवतं.

काकूंबद्दल सांगितल्याशिवाय काकांचं चित्र पुरं होणार नाही. मूळच्या पेणच्या. गोऱ्या, ठेंगण्या, सतत बोलणाऱ्या. काका जेवढे मोजून बोलत तेवढ्या त्या सैल. भाजीत मीठ किती घातलं विचारलं तर म्हणायच्या, "हाताला येईल तेवढं." बायकांच्या वेळेत त्या आमच्याबरोबर व्यायामाला असायच्या आणि त्यांच्यामुळेच ती वेळ भरलेली असायची. कुणाची सून, कुणाची बदली, कुणाच्या घरी कुठला पाहुणा, हे सगळं त्या मशीनवर बसून व्हायचं, आणि काका दारापाशी स्टूलवर बसून ऐकत नसल्यासारखं करत.

खरं म्हणजे ती व्यायामशाळा काकूंसाठीच सुरू झाली होती. काका रिटायर झाले त्या सुमारास काकू स्टेशनच्या पायऱ्यांवरून घसरून पडल्या होत्या. हाड मोडलं नाही, पण डॉक्टर म्हणाले की या वयात मांड्यांची ताकद राखली पाहिजे. काकांनी हे शब्दशः घेतलं. पाय पुढे सरळ करायचं एक मशीन, ज्यात खुर्चीत बसून नडग्यांनी एक गादीची नळी वर उचलायची असते, ते त्यांनी घरी आणलं. हॉलमध्ये सोफा बाहेर आणि मशीन आत. मुलगा बंगलोरला, तो व्हिडिओ कॉलवर बघून हसला. पुढे शेजारच्या बायका ते बघायला येऊ लागल्या, आणि मग खालचे गाळे रिकामे झाले तेव्हा काकांनी ते घेतले. ते पहिलं मशीन खिडकीजवळ ठेवलं.

रविवारी सकाळी त्या मशीनवर काकूंची परीक्षा व्हायची. आम्ही त्याला परीक्षाच म्हणायचो. काका तो कार्यक्रम फार गांभीर्याने करत. नेहमी तीच वेळ, आधी फक्त चहा आणि दोन बिस्किटं, पाठीमागे टेकू त्याच खाचेत. साठीच्या बाईला एकदाच जास्तीत जास्त वजन उचलायला लावणं त्यांना पटत नसे, म्हणून ठरलेलं वजन त्या किती वेळा नीट उचलतात ते पाहून ते ताकदीचा आकडा काढत. त्यात घासणं वजा, पावसाळा वजा, सगळं वजा. मग वर बघून जाहीर करत, "जागेवर आहे." म्हणजे मागच्या रविवारएवढाच. या वयात दरवर्षी ताकद थोडी थोडी उतरते, असं ते सांगत, आणि हिची उतरत नाही. हे सांगताना त्यांचा चेहरा असा व्हायचा की नोकरीत त्यांना कुठलं बक्षीस मिळालं असतं तरी तसा झाला नसता. लिफ्टमध्ये, गच्चीवर, सोसायटीच्या मीटिंगमध्ये, जो भेटेल त्याला ते सांगत. बिल्डिंगमधल्या पोरांना काकूंचा आकडा पाठ होता.

एकदाच तो खाली आला. दिवाळीनंतरचा रविवार असेल. काकूंनी नेहमीपेक्षा बरंच कमी वेळा उचललं आणि थांबल्या. म्हणाल्या, आज नाही होत. काकांनी मशीनची मागची झाकणं उघडली. दोर काढला, चाकं काढली, रॉकेलने धुतली, तेल घातलं. दोन दिवस मशीन उघडं पडलं होतं आणि आम्ही त्याच्या बाजूने जपून चालत होतो. एका चाकाच्या बेअरिंगमध्ये त्यांना खरोखरच कचकच सापडली. ती त्यांनी सगळ्यांना बोट लावून दाखवली. पुढच्या रविवारी आकडा परत जागेवर आला. काका म्हणाले, बघा, मशीनचाच दोष होता.

त्या हिवाळ्यात काकूंनी साधी चप्पल सोडून पट्ट्याची सँडल घेतली. डाव्या पायातली चप्पल चालताना निसटते म्हणाल्या. गच्चीवर पापड घालायला येणं बंद झालं. लिफ्ट बंद असली की त्या खालीच बसून राहायच्या, भाजीवाल्याशी गप्पा मारत. आम्हाला सगळ्यांनाच ते दिसत होतं आणि सगळ्यांनाच ते गुडघ्यांचं वाटत होतं, कारण आमच्यात गुडघे दुखत नाहीत अशी बाई नव्हती. काकूंनाही विचारलं तर त्या गुडघाच म्हणायच्या. आणि कुणी काकांपाशी काळजी बोलून दाखवली, तर त्यांच्याकडे आकडा होता.

वैशाखात चौथ्या मजल्यावरच्यांच्या मुलीचं लग्न होतं, गव्हाणच्या बाजूला एका हॉलमध्ये. विधी बघायला आम्ही बायका पुढे सतरंजीवर बसलो होतो. अक्षता पडल्या, सगळ्या उठल्या, काकू उठेनात. आधी हसल्या. मग मला हात दे म्हणाल्या. मी आणि आणखी एकीने धरून उठवलं तर डावा पाय खालून कापडासारखा दुमडला आणि त्या आमच्या अंगावर आल्या. गजरे, फुलं, बँड, सगळं चालू होतं. त्या गर्दीतून काका आले आणि त्यांनी पहिल्यांदा काय केलं असेल, तर खाली वाकून सँडलचा पट्टा तपासला.

दुसऱ्या दिवशी पनवेलमधल्या एका हॉस्पिटलात न्यूरोच्या डॉक्टरांना दाखवायचं ठरलं. काकूंना धरायला बाईमाणूस हवं म्हणून मी रजा घेतली आणि बरोबर गेले. डॉक्टर तरुण होते, चाळिशीचेही नसतील. त्यांनी काय होतंय विचारलं तेव्हा काकूंच्या आधी काकांनी बोलायला सुरुवात केली. पायांची ताकद कमी झालेली नाही, हे पहिलं वाक्य. मग आकडा. मग तो कसा काढला, मशीनची चूक किती, ती कशी वजा केली, किती वर्षं काढतोय. डॉक्टरांनी अडवलं नाही. सगळं ऐकून घेतलं. मग काकूंना पलंगावर बसवलं, स्वतः समोर बसले, काकूंच्या उजव्या नडगीवर तळहात ठेवला आणि म्हणाले, पाय सरळ करा, मला ढकला. काकूंनी चांगलं ढकललं. डॉक्टर हसून म्हणाले, छान. मग तळहात डाव्या नडगीवर ठेवला.

काकूंनी ओठ दाबून धरले. गळ्याच्या शिरा दिसायला लागल्या. डॉक्टरांचा हात हलला नाही.

त्यांनी पाऊल वर करायला सांगितलं, तेही धड झालं नाही. मग काकांकडे न बघताच त्यांनी विचारलं, "मशीनवर दोन्ही पाय एकत्र लावायचात का?"

काकांनी "हो" म्हटलं, आणि ते म्हणता म्हणताच त्यांना कळलं. मी त्यांच्या बाजूला उभी होते. समजावून सांगायला डॉक्टरांना तोंड उघडावंच लागलं नाही. एक नळी, तिच्याखाली दोन पाय. एक पाय थकत गेला, दुसरा त्याचं ओझं घेत गेला, आणि वर जाणारं वजन तेवढंच. काकांनी दोराची चूक काढली, चाकाची काढली, हवेची काढली. मशीनवर दोन पायांची फक्त बेरीज दिसते, हे त्यांच्या लक्षात आलं नाही. ते भिंतीशी असलेल्या खुर्चीवर बसले आणि त्यांनी हातातल्या पिशवीची घडी घालायला सुरुवात केली.

पाठीच्या मणक्यात गाठ होती. कॅन्सरची नव्हती, हळूहळू वाढणारी, मज्जारज्जूला दाबणारी. मुंबईला ऑपरेशन झालं, गाठ पूर्ण निघाली. पण बराच काळ दबलेली नस सगळी परत येईलच असं नाही, असं तिथल्या सर्जननी आधीच सांगितलं होतं. काकांनी त्यांना विचारलं की आधी आणलं असतं तर किती फरक पडला असता. सर्जन म्हणाले, थोडा पडला असता. काकांनी पुन्हा विचारलं, थोडा म्हणजे किती. असं मोजून सांगता येत नाही, असं उत्तर आलं. हे मला काकांच्या मुलाने सांगितलं. तो म्हणाला, बाबा त्यानंतर प्रश्न विचारायचेच थांबले.

काकू घरी आल्या त्या वॉकर घेऊन. उजवा पाय ठीक, डावा ओढत. मी संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर त्यांच्याकडे डोकावायची. एकदा काका औषधं आणायला गेले होते. काकू पलंगावर लसूण सोलत बसल्या होत्या. मी विचारलं की पाय दमतोय हे तुम्हाला इतके दिवस कळलंच नाही का. त्या म्हणाल्या, कळत होतं की. आधी वाटलं वय. मग वाटलं गुडघा. मग रविवारी मशीनवर लक्षात आलं की डावा नुसता लटकतोय आणि उजवा दोघांचं करतोय. मूठ घट्ट धरून जरा कंबर उचलली की होऊन जायचं.

"मग काकांना सांगायचं ना."

त्यांनी लसणाची सालं एका बाजूला केली.

"त्या दिवाळीत कमी भरलं होतं, आठवतं? मी कंबर उचललीच नव्हती. म्हटलं आज खरं काय ते होऊ दे. तर ते दोन दिवस मशीन खोलून बसले. त्यांना मशीन बिघडलेलं चाललं, मी बिघडलेली नाही चालले गं. रात्री जेवलेसुद्धा नाहीत नीट. मग मीच म्हटलं, जाऊ दे. रविवारची सकाळ एक. 'जागेवर आहे' म्हणताना त्यांचं तोंड बघायचीस ना तू? मला तेवढंच बघायचं असायचं."

त्या पुढे म्हणाल्या की यातलं काकांना सांगू नकोस. मग लगेच म्हणाल्या, सांगायचं काय उरलंय, त्यांना माहीतच आहे. हॉस्पिटलातच त्यांनी विचारलं होतं, तू कंबर उचलायचीस का. मी हो म्हटलं. ते म्हणाले, मी समोर बसून फक्त वजनाकडे बघत होतो.

व्यायामशाळा त्यानंतर काही महिने चालू होती, पण काका बदलले होते. मी एकदा सुट्टीच्या दिवशी जरा लवकर गेले तर ते खिडकीजवळच्या त्या मशीनवर स्वतः बसलेले. डावा पाय बाजूला काढून ठेवला होता आणि उजव्या एका पायाने काकूंचं परीक्षेचं वजन उचलत होते. वर, खाली, वर, खाली. मला बघून थांबले नाहीत. म्हणाले, "एका पायानं होतं हे. सहज होतं. कुणीही केलं असतं."

मग त्यांनी एक नवीनच सुरू केलं. पनवेलमधल्या जिममध्ये, फिजिओथेरपीच्या दवाखान्यांत जाऊन ते सांगायला लागले की म्हाताऱ्या माणसांचे पाय एकेक करून तपासा, दोन्हींच्या एकत्रित आकड्यावर विसंबू नका. दवाखान्यांत लोक म्हणायचे की आम्ही तसंच करतो काका, आम्हाला शिकवलंय. त्यावर ते खाली मान घालून बाहेर येत. जिमवाले ऐकून घेत आणि पुढच्या खेपेला दारावरच्या माणसाला सांगून ठेवत. त्या एसी जिममध्ये तर त्यांनी एका ओळख ना पाळख अशा आजोबांना मशीनवरून उठवलं आणि एक पाय काढा म्हणाले. आजोबांचा मुलगा चिडला, आवाज वाढला. आमच्याच बिल्डिंगमधला एकजण तिथे होता, तो त्यांना घेऊन आला. जिना चढताना काका त्याला म्हणाले होते, त्या गृहस्थांचा डावा पाय खरंच कमी होता, तुम्ही पाहिलंत ना. त्याने पाहिलं नव्हतं. बिल्डिंगमधली मुलं मग काका दिसले की एका पायावर उड्या मारून दाखवायची. काका कधी कुणावर ओरडले नाहीत.

गाळे सोडायचे ठरले तेव्हा मशीन भंगारात गेली. कोण घेणार होतं ती, आकडे खरवडलेली? भंगारवाला टेम्पो घेऊन आला, बरोबर त्याचा जुनाट काटा. मी कामावर निघाले होते, थोडा वेळ थांबले. एकेक तुकडा काट्यावर चढत होता आणि तो माणूस वजन ओरडून सांगत होता. काका दारात उभे होते. त्यांनी काट्याकडे बघितलं नाही. ते सगळं वजन चुकीचं असणार हे मलाही दिसत होतं, कारण काटा एका बाजूला कललेल्या फरशीवर ठेवला होता. भंगारवाल्याने विचारलं, "काका, बरोबर आहे ना?" काका म्हणाले, "असेल."

त्यांच्या तोंडून तो शब्द मी तोपर्यंत ऐकला नव्हता. मला फार वाईट वाटलं. वाटलं की या माणसाची इतक्या वर्षांची एक चांगली सवय गेली, आणि ती चुकीची होती म्हणून नाही गेली. मशीनबद्दल ते जे जे बोलले ते सगळं बरोबरच होतं. अजूनही कुठल्या जिममध्ये कुणी आकडा सांगितला की मी मनात विचारते, वर नेताना की खाली आणताना. फक्त एका ठिकाणी त्यांनी संशय घ्यायला हवा होता, आणि तिथे त्यांचं प्रेम होतं.

पुढच्या वर्षी मुलगा त्यांना बंगलोरला घेऊन गेला. जायच्या आधीच्या आठवड्यात मी निरोप घ्यायला गेले. दुपारची वेळ होती, घरात खोकी बांधून ठेवलेली. काकू पलंगाच्या कडेला पाय सोडून बसल्या होत्या आणि काका समोर जमिनीवर मांडी घालून. त्यांनी काकूंच्या डाव्या नडगीवर तळहात ठेवला होता. फिजिओच्या बाईंनी शिकवलेला व्यायाम होता तो. हाताला विरोध करत पाय पुढे न्यायचा, दिवसातून दोनदा. मला बसा म्हणाले आणि चालू ठेवलं. "हं," ते म्हणत, थांबत, पुन्हा "हं". काकू माझ्याशी बंगलोरच्या थंडीबद्दल बोलत होत्या, सुनेने घेऊन ठेवलेल्या स्वेटरबद्दल.

मी विचारलं, कसं आहे आता. विचारायचं म्हणून विचारलं.

काकांनी तळहाताकडे बघितलं, मग काकूंकडे.

"आज जास्त आहे," ते म्हणाले. "कालपेक्षा नक्की जास्त."

काकू बोलता बोलता थांबल्या. त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग हलकेच म्हणाल्या, "अहो, मी अजून जोर लावलाच नाहीये."

काकांनी मान खाली घातली, पण हात तिथून काढला नाही. काकूंनी पुढे वाकून त्यांच्या डोक्यावरचा, सामान बांधताना लागलेला सुतळीचा धागा काढला आणि म्हणाल्या, "लावते आता. धरा नीट."

मी उठून स्वयंपाकघरात गेले, म्हटलं चहा टाकते.